लागलेकाका

आमच्या गल्लीत मूल जन्माला आलं की बारशाच्या आधी त्याची मुलाखत होते. मुलाखत घेणारे गृहस्थ पाळण्यावर वाकतात, चष्मा कपाळावर चढवतात, बाळाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात आणि त्याच्या आईला म्हणतात, "मुलगा का? छान. लागला की कळवा."

लागला म्हणजे नोकरीला लागला. बाळाच्या आईला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण ती परभणीचीच असते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे माणूस जन्मतो, शिकतो आणि मग लागतो. मधल्या काळात तो नुसता असतो.

या गृहस्थांचं नाव मनोहरराव. पण हे नाव आता फक्त त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर उरलंय. सगळं गाव त्यांना लागलेकाका म्हणतं. एकदा नवा कुरिअरवाला 'श्री. मनोहर लागले' असं पुकारत गल्लीत शिरला, तर काकांनी शांतपणे सही करून पाकीट ताब्यात घेतलं. मी म्हणालो, "काका, आडनाव चुकलं की तुमचं."

"चुकलं कुठं?" काका म्हणाले. "मी लागलेलोच होतो ना. रिटायर झालो म्हणून न लागलेला होतो का?"

काकांना नमस्कार, राम राम, गुड मॉर्निंग यातलं काही येत नाही. त्यांना एकच अभिवादन येतं: "लागला का?" गेल्या वर्षी आमच्या ओळखीतले एक तलाठी अचानक वारले. आम्ही स्मशानात उभे होतो. मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणाऱ्या मुलाकडे पाहत काकांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "हा लागलाय का?"

"अहो काका, वडील गेलेत त्याचे."

"म्हणूनच विचारायलोय. अनुकंपा तत्त्वावर लागू शकतो."

यात काकांचा दोष नाही. त्यांची सगळी हयात सेवायोजन कार्यालयात गेली. दहावी झाली की पोरं तिथं जाऊन नाव नोंदवायची, कार्ड घ्यायची, ते कार्ड वेळच्या वेळी नूतन करायची, आणि मग कॉलची वाट बघायची. हा कॉल म्हणजे फोन नव्हे. खाकी पाकिटातून मुलाखतीचं पत्र यायचं, त्याला कॉल म्हणत. ते पाकीट काकांच्या टेबलावरून निघायचं. त्यामुळे एके काळी काकांच्या दारात पहाटेपासून माणसं असायची. बोरी, जिंतूर, पूर्णा, कुठून कुठून यायची. कोणी पेरू आणायचं, कोणी हुरडा. काका कशालाही हात लावायचे नाहीत. प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे: "नोंदणी जिवंत ठेवा. कॉल येतो."

पुढे नोंदणी कॉम्प्युटरवर गेली, काका घरी गेले, आणि दारातली माणसंही गेली. काकू त्याआधीच गेल्या होत्या. राहिलं ते काकांचं व्याकरण.

या व्याकरणात माणसाच्या तीन अवस्था आहेत. सरकारी नोकरी मिळाली तर माणूस 'लागला'. खाजगीत मिळाली तर तो फक्त 'चिकटला', कारण चिकटलेलं कधीही निघू शकतं. आणि ज्याने स्वतःचा धंदा काढला तो 'फिरायलाय', म्हणजे नुसता फिरतोय. मग त्याचं दुकान असो, कारखाना असो की चार मजली दवाखाना असो. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. पहिली बारा-तेरा वर्षं आमचं कॉलेज विनाअनुदानित होतं. तेव्हा काका माझी ओळख करून देत, "हे लागले, पण यांचा पगार लागला नाही." अनुदान आलं त्या दिवशी ते पेढे घेऊन माझ्या घरी आले. माझे पेढे, माझ्या घरी, त्यांनी आणलेले.

अशा माणसाच्या पोटी श्रीकांत जन्मला.

श्रीकांत इंजिनिअर झाला आणि पुण्यात चिकटला. एका पंप बनवणाऱ्या कंपनीसाठी फोनवर तक्रारी घेणारं ऑफिस होतं, तिथं तो कॉम्प्युटर सांभाळायचा. एके दिवशी आपल्या भागातल्या कुण्या शेतकऱ्याचा फोन तिथल्या मुलीने घेतला. शेतकरी म्हणाला, "बाई, फुटबॉल गेला. सगळं पानी सोडायलाय."

आता विहिरीत, पाइपाच्या तळाशी, पाणी परत खाली जाऊ नये म्हणून एक झडप असते. तिचं कंपनीतलं नाव फूट व्हॉल्व्ह. आमच्या शेतकऱ्यांनी त्याचा फुटबॉल केला त्याला आता पिढ्या झाल्या. पण ती मुलगी बिचारी डेक्कनकडची. तिने अतिशय अदबीने सांगितलं, "माफ करा काका, आम्ही खेळाचं साहित्य ठेवत नाही."

श्रीकांत ही गोष्ट सांगताना अजून हसतो. पण त्या दिवशी तो नुसता हसला नाही. त्याने विचार केला की फोन करणारा परभणीचा, मोटर परभणीची, विहीर परभणीची, मग उचलणारं माणूसच तेवढं पुण्याचं कशाला? त्याने कंपनीच्या साहेबांना गाठलं, मराठवाड्यातले सगळे फोन आपल्याकडे वळवून मागितले, आणि नोकरी सोडून परभणीला आला.

"काय काढलंय म्हणे श्रीकांतनं?" मी काकांना विचारलं.

"स्टार्टअप."

"म्हणजे?"

"म्हणजे फिरायलाय," काका म्हणाले. "फक्त इंग्रजीत."

श्रीकांतला जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासची. पोलीस भरती, तलाठी भरती, सगळ्या भरत्यांची तयारी तिथं व्हायची. भरत्याच निघेनात तेव्हा क्लास बसला. बाकं तशीच होती. भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: 'यंदा लागायचंच'. श्रीकांतने भिंतीला नवा रंग दिला, पण तेवढी अक्षरं ठेवली. त्याच बाकांवर बसून गणित घोकलेली काही पोरं-पोरी आता कानाला यंत्र लावून त्याच बाकांवर बसली.

नोकरीच्या जाहिरातीत श्रीकांतने अट घातली होती की उमेदवाराला आपली बोली यायला हवी. आयुष्यभर 'हाय-न्हाई नको, आहे-नाही म्हण' असं म्हणून मी ज्यांच्या वह्या लाल केल्या, त्यांतलीच माझी विद्यार्थिनी सुनीता तिथं पहिल्या फटक्यात निवडली गेली. ती बोरीची. मला पेढा देताना म्हणाली, "सर, तुमी जे खोडलं त्याच्यावरच लागले."

उद्घाटनाला एक पुढारी आले. 'तरुणांनी नोकऱ्या मागणारे नव्हे, नोकऱ्या देणारे व्हावं' असं ते बराच वेळ सांगत होते. खाली उतरल्यावर त्यांनी श्रीकांतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, "आमच्या भाच्याचं काही बघता का?" काकांनी नारळ फोडला. मग ते बाकाबाकाशी जाऊन प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला दबक्या आवाजात सांगू लागले, "हे ठीकय. पण नोंदणी जिवंत ठेवा. हे कधी बसंल, सांगता येत नाही."

मालकाचे वडील असं सांगतायत म्हटल्यावर दोन पोरं तिथल्या तिथं घाबरली.

पण ते बसलं नाही. उलट त्याच्या आजूबाजूला बरंच काही उभं राहिलं. जिन्याखाली चहाचा गाडा आला. पोह्याची एक ताई आली. समोरच्या माळवदाच्या घरातल्या बाईंनी पोरींना खोल्या दिल्या आणि मग डबेही द्यायला लागल्या. दोन ऑटोवाल्यांनी आपला स्टँडच तिथं हलवला. बोरीत सुनीताचे वडील पारावर सांगू लागले, "पोरगी परभणीला हापिसात लागली." तिच्या लग्नाचं म्हणाल तर त्यांनी एक वर्ष थांबायचं कबूल केलं. लागलेल्या पोरीला स्थळही लागलेलंच बघावं लागतं, त्याला वेळ लागतो.

थोडक्यात, श्रीकांतमुळे रस्ताच्या रस्ता लागला. एकटा श्रीकांत फिरत होता.

हे काका रोज सकाळी त्याच्या लक्षात आणून देत. वर्तमानपत्रातली भरतीची जाहिरात कापून, चौकोनी घडी घालून ते त्याच्या चहाच्या बशीखाली ठेवत. श्रीकांतचं वय कुठल्याच जाहिरातीत बसत नव्हतं. काका 'वयोमर्यादा शिथिलक्षम' या शब्दांखाली रेघ मारून ठेवत. श्रीकांत चहा संपवायचा, घडी खिशात घालायचा आणि जायचा. मी त्याला एकदा विचारलं, "वाईट नाही वाटत रे?"

तो म्हणाला, "सर, मला बक्षीस नको, सत्कार नको. बाबांनी एकदा चारचौघांत म्हणावं, आमचा श्रीकांत लागला. तेवढं झालं की मी खरंच फिरायला मोकळा."

ते होण्याची चिन्हं काही दिसत नव्हती. पाथरीहून त्याला बघायला पाहुणे आले तेव्हा मी मुद्दाम हजर होतो, की काही वाकडं झालं तर सावरता येईल. श्रीकांत स्वतः चहाचा ट्रे घेऊन आला. पाहुण्यांनी कप उचलला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मुलगा काय करतो?"

"फिरायलाय," काका म्हणाले.

मी सावरायला तोंड उघडलं, पण पाहुणे आधी बोलले. "हापिस हाय म्हणत होते मध्यस्थ."

"हापिस हाय. बसायला जागा हाय, पंखा हाय. पण तो स्वतः कुठं लागलेला नाही. खोटं कशाला सांगू?"

"मग त्या हापिसात लागलेलं कोणी हाय का?"

"हाय ना. आमच्या ताडकळसचा गजानन," काकांचा चेहरा उजळला. "लय गुणी पोरगा. महिन्याच्या महिन्याला पगार, हजेरी, रविवारची सुट्टी. साहेब जरा कडक हाय, पण सांभाळून घेतो."

पाहुण्यांनी गजाननचा पत्ता विचारून घेतला. जाताना ते ऑफिसातही डोकावले, गजानन खरंच लागलेला आहे ना याची खातरजमा करायला. श्रीकांतने त्यांना तसं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ गजाननचंही. मांडवात अक्षता टाकून झाल्यावर काका लेकाला म्हणाले, "बघितलंस? माणूस लागला की सगळं कसं सुरळीत होतं."

दुसऱ्या वर्षी पंप कंपनीचा एक साहेब पुण्याहून आला. चहा प्यायला, भिंतीवरची अक्षरं वाचली आणि जाताना सांगून गेला की हा पावसाळा बघू. फोन येत राहिले तर काम इथं ठेवू, नाही आले तर पुण्याचंच ऑफिस हे फोन घेईल, परभणीचा वेगळा खर्च कशाला.

श्रीकांतने हे आमच्या कट्ट्यावर सांगितलं. पावसाळ्यात मोटर लावतो कोण? आणि फोन बंद म्हणजे सुनीता बोरीला परत, गजानन नव्या बायकोसह ताडकळसला परत, चहाचा गाडा ज्याचा त्याच्या गावाला परत. काकांनी ऐकून घेतलं. "मी म्हणलंच होतं," ते म्हणाले. "चिकटलेलं निघतं. सगळ्यांना सांग, नोंदणी जिवंत ठेवा." आणि ते उठून घरी गेले.

त्या साली भाद्रपद असा कोसळला की दुधना नदी काठ सोडून शेतात शिरली. ऑफिसातले फोन गप्प. पोरी नखं बघत बसलेल्या. त्याच दिवसांत काका दुपारचे गायब होऊ लागले. म्हणजे असायचे घरातच, पण जेवण झालं की दार-खिडक्या लावून घ्यायचे. मी एकदा कडी वाजवली तर आतून आवाज आला, "कामात आहे."

अशाच एका दुपारी श्रीकांतने मला ऑफिसात बोलावलं. फोनवर बोलायची वाक्यं पुण्याहून छापून आली होती, ती माणसांच्या भाषेत करून हवी होती. 'आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत' याचं परभणीत काय करावं या विचारात मी असताना सुनीतासमोरचा फोन वाजला. सगळं ऑफिस तिच्याकडे बघून हसलं.

"सर, बोरीचे किसनआजोबा," ती मला म्हणाली. "रोज येतो यांचा फोन."

"तुझ्या गावचे?"

"आमच्या गावात या नावाचं कुणीच न्हाई, सर." तिने सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "लागला का?"

मी पेन खाली ठेवलं.

"लागला, आजोबा. बोला."

"किसन बोलायलो, बोरीहून. माय, मोटर पानी उचलायली न्हाई."

जन्मभर 'सबब' आणि 'उपरोक्त' लिहिलेला माणूस आपल्या ताडकळसच्या लहानपणात शिरून बोलत होता. सोंग म्हणून बरं होतं. फक्त सुरुवातीच्या दोन शब्दांनी घात केला होता.

"आज तर लय पाऊस हाय की, आजोबा," सुनीता म्हणाली. "मोटर कामून लावली?"

पलीकडे जरा विचार झाला. "पावसाचं पानी पावसाला. मोटरीचं मोटरीला."

"घुमायली का?"

"घुमायली. लय घुमायली."

"काल तर घुमत न्हाई म्हणलात."

"रात्रीतून लागली घुमायला."

"बरं, फुटबॉल बघितला का?"

"फुटबॉल?" आवाज गोंधळला. "न्हाई बा. आमच्यात कोणी खेळत न्हाई."

गजाननने तोंडात रुमाल कोंबला. मागच्या बाकावरच्या दोघी बाकाखाली गेल्या. तेवढ्यात जिना चढून श्रीकांत आला आणि भिजलेली छत्री हातात धरून दारातच थांबला. सुनीताने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हातानेच खूण केली, चालू दे.

"आजोबा, घरात तरणं माणूस कोणी हाय का?" सुनीताने विचारलं. "मुलगा-बिलगा? त्यास्नी फोन द्या. मी सांगते कसं बघायचं."

"मुलगा हाय. पण तो दिवसा घरी नसतो."

"कुठं असतेत?"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि फोनमधूनही तोच पाऊस ऐकू येत होता.

"लागलाय," काका म्हणाले.

सुनीताचं हसू थांबलं. "कुठं लागलेत?"

"इथंच. परभणीला. हापिसात. लय माणसं हायेत त्याच्या हाताखाली."

"मग दिवसभर तुमी एकटेच?"

"एकटाच की. आता तो लागला म्हणल्यावर..." वाक्य तिथंच राहिलं. मग आवाज पुन्हा खडखडीत झाला. "बरं माय, उद्या करतो फोन. बघतो तो फुटबॉल."

"करा, आजोबा. इसरू नका."

फोन बंद झाला. श्रीकांत दारात तसाच उभा होता आणि छत्रीचं पाणी त्याच्याच बुटात गळत होतं.

"साहेब, तक्रार बंद करू का?" सुनीताने हळूच विचारलं.

"नको," श्रीकांत म्हणाला. "चालू ठेव."

आणि मग त्याला छत्री मिटायची आठवण झाली.

कामाचं म्हणाल तर ते परभणीतच राहिलं. त्यात काकांच्या फोनचा वाटा किती हे पंप कंपनीच जाणे. पुराने मोटरी गाळात गेल्या होत्या. पाणी ओसरलं आणि खरे फोन असे सुरू झाले की पोरींना डबा खायला सवड मिळेना. पुण्याच्या साहेबाने श्रीकांतचं अभिनंदन केलं. श्रीकांत त्याला म्हणाला, "आमच्याकडे लोक नोंदणी जिवंत ठेवतात, साहेब." साहेबाला काही कळलं नाही.

परवा सकाळी मी काकांच्या ओसरीवर बसलो होतो. बशीखाली जाहिरातीची घडी होती. श्रीकांतने चहा संपवला, घडी खिशात घातली आणि गाडीला किक मारली.

"निघालो, बाबा."

"कुठं?" काकांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं.

"फिरायला."

काकांनी पेपर खाली केला. लेकाकडे पाहिलं. लेक हसत होता. काका हसले नाहीत. "डबा घेतलास का?" म्हणाले, आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहिले.

मी म्हणालो, "काका, दुपारी या ना घरी. पत्ते मांडू."

"दुपारी जमणार नाही," काका म्हणाले. "माझी ड्यूटी असते."